'झोन आउट' आणि 'ट्यून आउट' : फरक काय?

प्रश्न: कंटाळवाण्या मीटिंगबद्दल 'आय झोन्ड आउट द मीटिंग' असं लिहिलं तर चालेल का? की 'ट्यून्ड आउट' हवं?

प्रतिसाद १: नाही चालणार. 'झोन आउट' अकर्मक आहे, मीटिंग त्याचं कर्म होत नाही. मध्ये 'ड्युरिंग' घाला: 'आय झोन्ड आउट ड्युरिंग द मीटिंग'. अर्थ थेट 'कंटाळलो' असा नाही. कंटाळ्यामुळे किंवा थकव्यामुळे लक्ष उडालं, डोळे समोर पण मन भलतीकडे. हे नकळत होतं.

'ट्यून आउट' सहसा मुद्दाम केलेलं असतं, आणि ते कर्म घेतं. शेजारचा फोनवर मोठ्याने बोलतोय, तुम्ही कानाडोळा करून काम चालू ठेवता: 'आय ट्यून्ड हिम आउट'. सर्वनाम मध्येच येतं. 'ट्यून्ड आउट हिम' चूक. नाम असेल तर दोन्ही जागा चालतात: 'ट्यून द नॉइज आउट', 'ट्यून आउट द नॉइज'.

प्रतिसाद २: भर घालतो. 'आय वॉज झोन आउट' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, तिथे 'झोन्ड' हवं. आणि खरंच डुलकी लागली असेल तर 'नॉड ऑफ'. झोन आउटमध्ये माणूस जागाच असतो.

प्रतिसाद ३: साहेबांना ईमेल असेल तर यातलं काहीच नको, फार अनौपचारिक वाटतं. 'सॉरी, आय मिस्ड दॅट पॉइंट' लिहा. कारण सांगायची गरजच काय!

प्रश्नकर्ता: म्हणजे 'ड्युरिंग' हवंच. आभार.