मदत हवी आहे: 'सावळी' नावाचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) विकू की नको?

मैत्रिणींनो, जरा गोंधळलेय. माझी बायकांसाठी कायद्याची माहिती देणारी मराठी वेबसाइट आहे, २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, २०१३ चा कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्धचा कायदा वगैरे सोप्या भाषेत. खर्च निघावा म्हणून अ‍ॅडसेन्स (साइटवर गूगलमार्फत जाहिराती दाखवायची सोय) लावलं, तर नवरा मारतो तेव्हा काय करायचं या लेखाखालीच वजन घटवायच्या गोळ्या आणि वशीकरणवाल्या बाबाची जाहिरात! इतकं वाईट वाटलं ना. मग सेटिंगमध्ये जाऊन वजन कमी करणं, ज्योतिष, डेटिंग या कॅटेगऱ्या ब्लॉक केल्या, पण कमाईही घसरली.

आता खरा प्रश्न. 'सावळी' शब्द असलेलं एक डोमेन मी घेऊन ठेवलंय, रंगावरून मुलींना जे ऐकावं लागतं त्यावर लिहायचं होतं, राहून गेलं. एका गोरं करणाऱ्या क्लिनिकवाल्यांनी त्याचे ४० हजार देऊ केलेत. त्यात माझं २ वर्षांचं होस्टिंग निघेल आणि लिहिणाऱ्या दोघींना मानधनही देता येईल, बायकांकडून फुकट काम करून घेणं हेही मला पटत नाहीच. पण त्याच नावाखाली गोरेपणा विकला जाणार हे सहन होत नाही, आणि एकदा ट्रान्सफर झालं की आपल्या हातात काहीच राहत नाही.

विकण्याऐवजी डोमेन स्वतःच्या नावावर ठेवून भाड्याने कुणी दिलंय का, म्हणजे फक्त डीएनएस (पत्ता टाकला की कोणती साइट उघडायची ती नोंद) त्यांच्या सर्व्हरकडे वळवायचा? करारात वापराची अट कशी घालायची? आणि 'सावळी' नाव शोभेल असं काम करणारी, हे डोमेन घेऊ शकेल अशी कुणी माहितीत असेल तर प्लीज सांगा.