केए-०३ ची एमएच-१२ करताना

विषय: बंगळुरूची गाडी पुण्यात

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात सिंगापूरचं बिऱ्हाड आवरून कोथरूडला येतोय. बंगळुरूला भावाकडे २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक सात महिने उभी आहे. तीच पुण्याला न्यायची आहे. आधी एमएच नंबर की आधी गॅरेज? कर्ज फिटलंय, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे.

रे: बंगळुरूची गाडी पुण्यात

दादा, दोन्हीच्या आधी बँक. आरसीवरची एचपी (हायपोथिकेशन, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद) आधी काढून घ्या: फॉर्म ३५ च्या दोन प्रती आणि बँकेचं पत्र. पत्राला मुदत असते, बहुधा तीन महिने. ती उलटली की पुन्हा बँकेच्या दारात. मग एनओसीचा, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी बंगळुरूच्या आरटीओच्या ना-हरकत पत्राचा, फॉर्म २८. थकलेली चालानं भरून टाका, विमा आणि पीयूसी चालू हवेत.

फॉर्म २८ वर चॅसिस नंबरची पेन्सिल छाप लागते. गंज असेल तर रॉकेलच्या फडक्याने पुसा, पॉलिश पेपर अजिबात लावू नका. घासलेला आकडा दिसला की खाडाखोडीचा संशय येतो. पातळ कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी फिरवायची. एकही आकडा पुसट आला तर दुसरी छाप काढा.

एनओसी ठरावीक आरटीओच्या नावाने निघते. कोथरूड, बाणेर एमएच-१२. वाकड मात्र एमएच-१४. घर नक्की झाल्याशिवाय एनओसी काढण्याची घाई नको.

पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओत नव्या नंबराचा फॉर्म २७, मूळ एनओसी, आरसी, पत्त्याचा पुरावा, आणि गाडीची तपासणी. कर मूळ इन्व्हॉइसच्या किमतीवर, गाडीचं वय धरून निघतो. इन्व्हॉइस नसेल तर डीलरकडून प्रत आत्ताच मागा. नव्या नंबरासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे १२ महिने मिळतात. कर्नाटकात भरलेल्या कराचा परतावा मागायचा तो नवी आरसी आणि इथली पावती हातात आल्यावर. त्याला पाठपुरावा लागतो, धीर धरा.

रे: रे: बंगळुरूची गाडी पुण्यात

वरचं सगळं बरोबर, पण गॅरेजचं काम बंगळुरूलाच उरका. सात महिने उभी गाडी थेट ८०० किलोमीटरवर काढायची नसते.

चावी फिरवण्याआधी बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा बघायला सांगा. उंदीर तिथेच घर करतात, आणि वायर कुरतडलेली असताना स्टार्ट केलं तर शॉर्ट होऊ शकतो. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. सावकाश चार्ज करूनही रात्रभरात १२ च्या खाली येत असेल तर बदलाच. जंपस्टार्टवर निघालेली गाडी पहिल्या चहाच्या टपरीवर अडते. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात. रेस करून ओढू नका, ड्रमवर रबरी हातोडीने ठोकून सोडवा. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं, दोन वर्षं झाली असतील तर पूर्ण बदला.

टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. मूळचेच टायर असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, त्यांच्यावर हायवे नको.

आणि नवा नंबर पडला की विम्यात एंडॉर्समेंट (नव्या नंबराची नोंद), हाय सिक्युरिटी पाट्या आणि फास्टॅग. फास्टॅग लोक हमखास विसरतात, आठवतो तो खेड शिवापूरच्या टोलवर.