तापल्यावर लोडर जागचा हलत नाही
भाऊ, सकाळी लोडर बरोबर चालतो अन् दुपारी गिअरबॉक्सचं ऑइल तापलं की गिअर टाकूनही हलत नाही, असं तुम्ही लिहिलं. गिअरबॉक्स खोलायची घाई करू नका. आधी पाहा, पुढे-मागे दोन्हीकडची ओढ बंद होते का? दोन्हीकडची बंद होत असेल तर ऑइलची पातळी, सक्शनची जाळी (पंप ऑइल ओढतो तिथली गाळणी), पंप, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) तपासा. एकाच दिशेची बंद होत असेल तर बहुतेक त्या दिशेच्या क्लचचं सील नाहीतर सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) खराब. तापलेलं ऑइल पातळ होऊन झिजलेल्या सीलमधून निसटतं, म्हणून ऑइलचं प्रेशर मशीन गरम असतानाच मोजा, थंड मशीनवर सगळं ठीकच दिसेल. आमच्या यवतमाळकडे उन्हाळ्यात ऑइल कूलरवर काळ्या मातीची धूळ अन् कचरा बसतो अन् ऑइल नीट थंड होत नाही, तो आधी काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं, मशीन चालवूच नका.