सातवीचा ऑनलाइन वर्ग ओस पडलाय. मुलांसाठी काय करू, आणि मी स्वतः काय शिकू?

खडूवाला (8 ऑगस्ट 2021)
नमस्कार मंडळी. नगर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सातवीला गणित-विज्ञान. पट 34. जानेवारीच्या अखेरीपासून काही आठवडे मुलं वर्गात आली तेवढीच, नाहीतर करोनामुळे मार्च 2020 पासून सगळं फोनवर. सेतू अभ्यासक्रमाचे, म्हणजे मागच्या इयत्तेच्या उजळणीचे, 45 दिवस संपत आले. सकाळी 10 ला गूगल मीट लावतो, येतात 11-12 जण. पहिली दहा मिनिटं ‘सर, आवाज येत नाही’मध्ये जातात. कॅमेरे बंद. ‘समजलं का?’ विचारलं की एक-दोघं ‘हो सर’ म्हणतात. परवा एकाच्या ‘हो सर’मागे ट्रॅक्टर चालू होता.

दुसरं म्हणजे मी स्वतः. वर्षभरात आठ ऑनलाइन प्रशिक्षणं केली, प्रमाणपत्रं फाइलला लावली. वर्ग होता तसाच आहे. सोमवारच्या तासाला उपयोगी पडेल असं काही शिकायचंय. सुचवा.

भोर_ची_बाई
सर, आधी 10 ची वेळ सोडा. खरिपाचे दिवस आहेत, फोन बापाच्या खिशात रानात असतो. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या 2020 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात सुमारे 62 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, 2018 मध्ये जेमतेम 36 टक्के. म्हणजे फोन घरात आलाय, पण मुलाच्या हातात येतो रात्री आठनंतर.

मी मीट आठवड्यातून एकदाच ठेवलंय, गप्पा मारायला. बाकी रोज संध्याकाळी दोन मिनिटांच्या आतला आवाजी निरोप आणि एकच प्रश्न. उत्तरही बोलून पाठवायचं. चुलीशी बसून, कोंबड्यांच्या कलकलाटात उत्तरं येतात. येऊ द्यात. व्हिडिओ पाठवू नका, व्हिडिओंत पोरांचा दिवसाचा नेट संपतो.

दीक्षित_नाही_दीक्षावाला
बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी ॲपवर सगळं मिळतं. लिंका टाका ग्रुपवर. एवढं कशाला?

भोर_ची_बाई
@दीक्षावाला, लिंका टाकून मुलं शिकली असती तर सरांनी इथे कशाला विचारलं असतं, दादा?

सातारी_गुरुजी
दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. सध्या प्रमाणपत्रं बाजूला ठेवा. स्वतःचा एक तास रेकॉर्ड करा आणि एकटे बसून ऐका. मी ऐकला. नऊ मिनिटांत ‘समजलं का?’ 14 वेळा. आणि ज्याचं उत्तर मला आधी माहीत नव्हतं असा प्रश्न एकही नाही! 22 वर्षांची नोकरी आणि ही गत. दोन दिवस कुणाशी बोललो नाही.

मग आमच्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, चौघं शिक्षक जमलो. दर शनिवारी रात्री फोनवर अर्धा तास, एकाची क्लिप बाकीच्यांनी ऐकायची. नियम एकच: ‘छान झालं’ म्हणायचं नाही. मूल कुठे अडकलं असेल, एवढंच सांगायचं. साहेब लोकांना यात घेऊ नका, घेतलं की लगेच त्याचा अहवाल होतो.

त्यातून हाती आलेली एक युक्ती देतो. पूर्णांकांचा गुणाकार चालू होता. मीच कागदावर (−3) × (−4) = −12 असं सोडवून फोटो टाकला, खाली लिहिलं, ‘गुरुजींची चूक शोधा, आणि गुरुजी का चुकले तेही सांगा.’ एरवी सहा-सात उत्तरं येतात, त्या रात्री 19 आली. जो पोरगा कधी तोंड उघडत नाही त्याने मला चिन्हांचा नियम समजावला, वर ‘असू द्या गुरुजी, होतं’ असा धीरही दिला.

आई_सहावीतल्या_मुलीची
मी शिक्षिका नाही, पालक आहे. लेकीच्या ग्रुपवर सगळ्यांच्या गृहपाठाला सारखाच अंगठा येतो. पंधरा दिवसांत तिच्या लक्षात आलं, मग तिने अर्धवट लिहिलेलं पान पाठवलं. त्यालाही अंगठा! एकदाच मॅडमनी वेगळा निरोप केला, ‘तिसरं गणित तू उलटीकडून सोडवलंस, असं का?’ ते पान तिने आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना दाखवलं.

रानातली_शाळा
ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांचं काय? आमच्याकडे सकाळी सगळ्या घरांचं दूध संकलन केंद्रावर येतं. तिथे एक गोणी ठेवली. सोमवारी बाप दुधाबरोबर वही आणतो, गुरुवारी तपासलेली घेऊन जातो. पैशाचा खर्च शून्य. तपासताना नुसती बरोबरची खूण नको, प्रत्येक वहीत एक वाक्य लिहायचंच. 40 वह्यांना दोन तास लागतात, हे आधीच सांगून ठेवते.

विज्ञानाला अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची टाकाऊतून खेळण्यांची पानं छापून वहीत चिकटवा, मराठीतही आहेत. वाचायला ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे जुने अंक, 1971 पासूनचे बालभारतीने नेटवर मोफत ठेवलेत. तुमच्या स्वतःसाठी ‘पालकनीती’ आणि ‘शैक्षणिक संदर्भ’ ही नियतकालिकं वाचून बघा.

खडूवाला (17 ऑगस्ट)
मंडळी, ऋणी आहे. स्वतःचा तास ऐकला. गुरुजी, माझे 17 निघाले. आकडा बायकोला सांगितला नाही.

काल दूध संकलनावर गोणी ठेवली. 34 पैकी 13 वह्या आल्या, त्यातल्या चार अशा पोरांच्या, ज्यांची नावं मीटवर कधी दिसलीच नाहीत. चूक शोधायचं गणित वहीतही दिलं होतं. एकीने उत्तराखाली लिहिलंय, ‘सर, तुम्ही मुद्दाम चुकलात ना?’ आता खाली काय लिहावं, विचार करतोय.

एक अडचण. गुरुवारी वह्या परत कशा द्यायच्या? सकाळी सगळे घाईत, नावं वाचून वाटत बसायला तिथे कुणी नाही.

रानातली_शाळा
वस्तीवार गठ्ठे बांधा. सुतळीला वस्तीच्या नावाची चिठ्ठी लावा. जो आधी येईल तो आपल्या वस्तीचा गठ्ठा नेतो. आणि हो, प्लॅस्टिकची पिशवी नक्की घाला. माझ्या सात वह्या दुधाने भिजल्यात.