ओपनस्टॅकच्या ‘न्यूट्रॉन’ या नेटवर्क-सेवेमध्ये पत्त्याची तोतयागिरी कितपत अडते?

प्रश्न (नागपूर): आमच्या महाविद्यालयातील ओपनस्टॅक (आभासी यंत्रे चालविणारी क्लाउड प्रणाली) प्रयोगशाळेत एका आभासी यंत्राने दुसऱ्याचा मॅक पत्ता (नेटवर्क-कार्डाची ओळख) लावून पॅकेट पाठविल्यास न्यूट्रॉन ते अडवितो, असे गृहीत धरावे काय?

उत्तर १: पोर्ट सिक्युरिटी (यंत्राच्या नेटवर्क-जोडणीवर, म्हणजे पोर्टवर, पाठविणाऱ्याचा पत्ता तपासण्याची सोय) सुरू असल्यास सहसा अडवितो. मात्र २०१६ मध्ये जाहीर झालेल्या त्रुटींनुसार, डीएचसीपी (आयपी पत्ता मिळविण्याचे) व आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६ नेटवर्कचे नियंत्रण) संदेशांना मुभा देणारे नियम पाठविणाऱ्याचा पत्ता तपासण्यापूर्वीच लागू होत असल्यामुळे तपासणी टाळता येत होती. आयपीखेरीजची वाहतूक तर आयपीटेबल्सच्या (लिनक्समधील पॅकेट गाळणाऱ्या फायरवॉलच्या) नजरेतच येत नाही. आपली आवृत्ती कोणती?

प्रश्नकर्ता: ८.१.०, आयपीटेबल्ससह.

उत्तर १: मग ती बाधित आहे, अद्ययावत करावी.

उत्तर २: शिवाय ‘अलाउड ॲड्रेस पेअर्स’मध्ये (पोर्टला मुभा दिलेल्या जादा पत्त्यांच्या यादीत) कोणी ०.०.०.०/०, म्हणजे कोणताही आयपीव्ही४ पत्ता, असे लिहिले आहे का, हेही पाहावे. घाईत केलेली ही सोय (आणि ती फार आढळते) त्या पोर्टवरील आयपी-तपासणी निरर्थक करते.