फोटो ‘साफ’ करणं आणि हनुवटीवरचा तीळ

फोंडेकरीण
काल आपल्या गोव्याच्या गटावर म्हापशाच्या स्टुडिओवाल्या बाबांनी लिहिलं, “फोटो थोडा साफ केला तर कुणाच्या पोटात का दुखावं? रीटच म्हणजे डिजिटल पावडर. हल्लीच्या पोरी सगळंच मनाला लावून घेतात.” गप्प बसणार होते, पण रात्री झोप लागेना.

माझी धाकटी दहावीला. अर्जासाठी फोटो काढायला इथल्याच एका स्टुडिओत नेली. फोटो हातात आल्यावर ती म्हणाली, “आई, ही कोण?” रंग उजळलेला, गाल आत घेतलेले आणि हनुवटीवरचा तीळ गायब. अर्जात ओळखखूण म्हणून नेमका तोच तीळ लिहिलेला! अर्ज परत आला. त्या माणसाला विचारलं तर म्हणे, “तीळ होता? मला डाग वाटला.” मला हसू आलं, पोरीला नाही. तेव्हापासून ती हनुवटीवर बोट ठेवूनच बोलते.

पावडर मी माझ्या हाताने लावते आणि मीच पुसते. हे मला न विचारता केलेलं. ‘टायटॅनिक’मधल्या केट विन्सलेटसारख्या बाईचे पाय २००३ साली एका मासिकाने मुखपृष्ठावर बारीक केले, तेव्हा तिनेही उघड सांगितलं की मी अशी दिसत नाही. तिचं ऐकायला जग होतं. माझ्या पोरीचं कोण ऐकणार?

स्टुडिओवाला
वहिनी, तीळ काढणारा गाढव होता, मान्य. पण सगळा धंदा एका तिळावर तोलू नका. फोटोशॉप १९९० चं. त्याआधी माझे वडील निगेटिव्हवर पेन्सिलीने देवीचे व्रण बुजवायचे आणि लोक आशीर्वाद द्यायचे. आता तुलशीचं लग्न झालं की आमचा हंगाम. अल्बम दिला की मुलीची आईच फोन करते, “बाबा, पोर काळी दिसते, जरा बघ ना.” मुलगी स्वतः क्वचितच बोलते. आई, मावशी, होणारी सासू, या बोलतात. मी नाही म्हटलं तर पुढचा स्टुडिओ हो म्हणतो. माझं पोट कोण भरणार?

रिवणची सून
हे मात्र खरं. माझा लग्नातला फोटो सासूबाईंनी उजळून घेतला. भिंतीवर आहे अजून. पाहुणे विचारतात, “ही कोण, धाकटी जाऊ?”

सावळा गोंधळ
भावनेवर चाललंय सगळं, म्हणून थोडं ठोस. फिजीत भरलेलं अंग म्हणजे चांगलं घर, असं मानायचे. तिथल्या एका भागात १९९५ ला टीव्ही आला. १९९८ ला पाहिलं तर शाळकरी मुलींपैकी ११.३ टक्के वजन उतरवायला ओकत होत्या. आधी एकही नाही. अशाच काळजीने फ्रान्सने १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचं अंग बारीक-जाड केलं तर तसं छापायची सक्ती केली, नाहीतर ३७,५०० युरो दंड. नॉर्वेने २०२२ पासून इन्स्टावर पैसे घेऊन मिरवणाऱ्यांनाही त्यात ओढलं. आपल्याकडे काय, तर २०२० ला क्रीमच्या नावातून ‘फेअर’ गेलं आणि ट्यूब तिथेच राहिली.

स्टुडिओवाला
साठ-पासष्ट मुलींवरून जगाचा निकाल? आणि टीव्हीवरच्या मालिकेत कोण रीटच करत होतं हो? तुमचाच दाखला तुमच्यावर उलटला.

सावळा गोंधळ
उलटला नाही, पण लंगडला, घ्या. चिठ्ठीचंही तसंच. ‘फोटो बदललेला आहे’ असं लिहून मुलींना बरं वाटत नाही, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. काही जणी तर चिठ्ठी वाचून नेमकं कुठे कापलंय तेच शोधत बसतात. म्हणजे कायदा करून मोकळं होण्यासारखं हे काम नाही.

डिचोलीकर
मासिकं राहू द्या. रीटचचा कहर बघायचा तर चवथीचे फ्लेक्स बघा! पासष्टीचा पुढारी पंचविशीचा, गाल कोळंबीसारखे गुलाबी, खाली बत्तीस कार्यकर्ते, सगळे एकाच पिठाच्या रंगाचे. वर तो बॅनर नेमका वळणावर. माझी स्कूटर त्याच्यामुळेच घसरली, समोरून येणारा टेम्पो दिसलाच नाही. गुडघा अजून दुखतो.

पेडण्याचो
कुठल्या वळणावर ते सांगा, म्हणजे कुठल्या पक्षाचा ते कळेल.

डिचोलीकर
गुडघ्याला पक्ष नसतो!

पेडण्याचो
मग फक्त चवथीचेच फ्लेक्स का दिसतात? कार्निव्हलचे दिसत नाहीत? आम्हाला कळतं बरं.

डिचोलीकर
काय कळतं? स्पष्ट बोला. फेब्रुवारीत मी पणजीला जात नाही, पार्किंग मिळत नाही म्हणून. आता त्यातही राजकारण शोधा.

रिवणची सून
पर्यटनाच्या जाहिराती कोणी बघत नाही का? मिरामारचा समुद्र निळाशार! मांडवीचं गढूळ पाणी तिथेच समुद्राला मिळतं, पावसाळ्यात तर चहाच. आमच्याकडे आलेली पुण्याची नणंद म्हणाली, “हा तो नव्हेच!” फोटोत गोव्यालाही गोरं करतात.

फोंडेकरीण
समुद्राला हनुवटी नसते, बाय. मी पोरीबद्दल लिहिलं आणि तुम्ही गुडघे, पक्ष आणि पार्किंगवर गेलात. आणि ‘पोरी पोरी’ तरी किती? माझा भाचा व्यायामशाळेत जातो. फोनवरचे कातीव दंड बघून त्याने शिताला हात लावणं सोडलं. आमच्या घरात माशाचं हुमण केलेलं असताना! त्याच्या आईला आधी कौतुक वाटलं. मुलगा जेवत नाही म्हणजे शिस्त, मुलगी जेवत नाही म्हणजे काळजी. तो चक्कर येऊन पडला तेव्हा सगळे जागे झाले.

स्टुडिओवाला
बरं बाई, हरलो म्हणा हवं तर. विचारल्याशिवाय अंगाला आणि तिळाला हात लावायचा नाही, पोरांना सांगतो. पण मुरूम मी काढणार. मुरूम आठवड्याने जातो, फोटो राहतो. आणि रंगाचं सगळं पाप माझ्या माथी मारू नका, अर्धा दोष आमच्या ट्यूबलाइटचा.

फोंडेकरीण
मुरूम दिला तुम्हाला. ट्यूबलाइट नाही. नवा फोटो तुमच्याकडेच काढायचाय, तिळासकट. शुक्रवारी आणू का?

स्टुडिओवाला
शुक्रवारी नको हो, बाजाराची गर्दी. गाडी लावायला जागा मिळायची नाही.

डिचोलीकर
पार्किंग! मी काय वेगळं सांगत होतो?