मदत हवी आहे: सिनेमे डिजिटल विकत घ्यावेत की डिस्कच ठेवाव्यात?

घोडबंदरवासी:
मंडळी, जरा लवकर सांगा. रविवारी नव्या घरात सामान हलवतोय. बाबांच्या डिस्कची खोकी ठेवायला जागा नाही. बायको म्हणते, भंगारात द्या, हवे ते सिनेमे ऑनलाइन विकत घेऊ. बाबा हटून बसलेत. प्लेअर बंद पडलाय. नवा प्लेअर घेऊ की डिजिटल? थोडक्यात उत्तर द्या, प्लीज.

नेरुळचा प्रेक्षक:
व्हीसीडी, डीव्हीडी की ब्लू-रे? मराठी की इंग्रजी? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

खाडीकिनारा:
डिस्क अजिबात टाकू नका! डिजिटल ‘खरेदी’ म्हणजे फक्त बघण्याचा परवाना. दुकानाचा निर्मात्याशी करार संपला की विकत घेतलेला सिनेमासुद्धा जाऊ शकतो. 2022 मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातल्या प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानाच्या ग्राहकांना कळवलं गेलं, की तुम्ही घेतलेले स्टुडिओकॅनाल या कंपनीचे सिनेमे आता काढून घेणार. कॅलिफोर्नियात तर 1 जानेवारी 2025 पासून कायदाच आहे, विकताना ‘हा परवाना आहे’ हे ठळक सांगावं लागतं. शिवाय ब्लू-रेत, म्हणजे डीव्हीडीनंतरच्या जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्कमध्ये, 50 जीबीपर्यंत डेटा मावतो, त्याहून स्पष्ट 4के डिस्कवर 100 जीबीपर्यंत. स्ट्रीमिंगचं चित्र त्याच्या जवळपास येत नाही.

वाशीकर_72:
50 जीबी घेऊन काय करायचंय? आमच्याकडे पावसाळ्यात डिस्कवर बुरशी धरली, निम्म्या वाया गेल्या. एलजीने 2024 मध्ये ब्लू-रे प्लेअर बनवणं थांबवलं. उद्या वाजवणार कशावर? डिजिटल घ्या, मोकळे व्हा.

खाडीकिनारा:
बुरशी धरते ती नीट न ठेवल्यामुळे. प्लास्टिकच्या डब्यात उभ्या ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका. माझ्या आजही उत्तम चालतात.

तलावपाळी:
मोसर बेअर कंपनीने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी आणली होती, आठवतंय का? आमच्या घरातले निम्मे मराठी सिनेमे तेव्हाचे.

रंगमंच_खारघर:
नवीन घर आहे तर प्रोजेक्टर बघा. एक भिंत रिकामी सोडा, टीव्हीची गरजच नाही.

घोडबंदरवासी:
प्रोजेक्टर नकोय हो. ब्लू-रे एकही नाही. बहुतेक व्हीसीडी, थोड्या डीव्हीडी. सगळं मराठी, त्यात नाटकं बरीच. ऑफिसमधल्या एकाची यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह टीव्हीला लावली, टीव्ही ओळखतच नाही. ड्राइव्ह खराब आहे का?

नेरुळचा प्रेक्षक:
हे आधी सांगायचं ना! ड्राइव्ह ठीक असेल. टीव्हीचा यूएसबी पोर्ट सहसा पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क वाचतो, डीव्हीडी ड्राइव्ह नाही. लॅपटॉपला लावा. व्हीसीडीत MPEGAV नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या .DAT फायली हार्ड डिस्कवर कॉपी करा, व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या सॉफ्टवेअरवर चालतात. टीव्हीवर नाही चालल्या तर एमपी4 करून घ्या. चित्र 352×288 पिक्सेलचं, मोठ्या स्क्रीनवर धूसरच दिसणार, त्याला इलाज नाही.
आता मूळ प्रश्न. जुनी नाटकं विकत घ्यायला ऑनलाइन शोधून बघा, बहुतेकांचा पत्ता लागणार नाही. तुमच्यापुढे निवड ‘डिस्क की डिजिटल’ अशी नाहीच, बऱ्याच गोष्टींची तुमच्याकडची प्रत हीच एकमेव वाट आहे. बाबांचं बरोबर आहे.

वाशीकर_72:
नाटकांचं मान्य. पण जे सिनेमे ऑनलाइन मिळतात ते घ्या. आणि एकदाच बघायचा असेल तर विकत कशाला? यूट्यूबवर भाड्याने घ्या, 30 दिवसांत सुरू करायचा, सुरू केला की 48 तासांत संपवायचा.

खाडीकिनारा:
भाडं द्या की विकत घ्या, हातात काय राहतं?

घोडबंदरवासी:
ठरलं. नाटकं आणि न मिळणारे सिनेमे कॉपी करतो, खोकी बाबांच्या खोलीतल्या माळ्यावर. प्लेअर नाही घेत. डीव्हीडी कॉपी होत नाहीयेत पण, अर्ध्यात एरर येते. काय करू?

नेरुळचा प्रेक्षक:
विकतच्या डीव्हीडींना लॉक असतं, म्हणून असेल. कॉपीच्या भानगडीत पडू नका, ड्राइव्हमधूनच व्हीएलसीने बघा आणि लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. डिस्कवर चरे आहेत का तेही बघा, मऊ कापडाने मधून बाहेर सरळ पुसायचं, गोल गोल नाही. स्वतःची ड्राइव्ह हवी असेल तर आधी ठाणे स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरवाल्यांकडे विचारा, नाहीतर लॅमिंग्टन रोड.

रंगमंच_खारघर:
आणि एचडीएमआय प्रोजेक्टरलाही लागतं, लक्षात ठेवा.